पेन्सिल सेल, फीडर आणि पाकिटावरचे खोटे आकडे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत पावसाळी ट्रेकला जाताना काय काय न्यायचं त्याची यादी आली होती, छान होती, पण टॉर्चच्या बाबतीत "जादा सेल सोबत ठेवावेत" एवढ्यावरच विषय संपवलाय. कलावंतीण, पेब, इर्शाळगड, आपल्या पनवेलच्या बाजूच्या कुठल्याही गडावर रविवारी जाऊन बघा, पाण्याच्या बाटल्यांच्या जोडीला वापरलेले पेन्सिल सेल पडलेले असतात. स्टेशनबाहेर स्वस्तात मिळतात, एका रात्रीत संपतात, मग कोण परत घेऊन येतंय. म्हणून जादा सेल न्या म्हणण्यापेक्षा चार्जेबल सेल न्या असं लिहायला हवं होतं, आणि कुठले ते पण.

चार्जेबल म्हटलं की लोकांचं ठरलेलं उत्तर असतं, अरे ते ठेवल्या ठेवल्या उतरतात. जुन्या सेलच्या बाबतीत हे खरं होतं. पण 2005 मध्ये सान्योने एनेलूप आणले तेव्हापासून कमी उतरणारे निकेल मेटल हायड्राइड सेल मिळायला लागलेत, चार्ज करून कपाटात ठेवले तर वर्षभराने सुद्धा बराचसा चार्ज शिल्लक असतो. पाकिटावर 'लो सेल्फ डिस्चार्ज' किंवा 'रेडी टू यूज' असं काहीतरी लिहिलेलं बघायचं. मोठ्या पेन्सिल सेलमध्ये (एए) 2000 एमएएचच्या (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) आसपासचा असला तरी पुष्कळ झालं, 2700-2800 वाले दिसायला भारी पण बऱ्याचदा तेच लवकर उतरतात. अजून एक, हे सेल 1.2 व्होल्टचे असतात आणि साधे 1.5 चे, त्यामुळे काही हेडटॉर्चमध्ये फुल चार्ज सेल टाकून पण बॅटरीची खूण अर्धीच दिसते. घाबरायचं नाही, साध्या सेलचा व्होल्टेज वापरताना हळूहळू पडत जातो, याचा शेवटपर्यंत 1.2 च्या आसपास टिकतो आणि मग एकदम बसतो. म्हणून दुसरा सेट पिशवीत हवाच. फक्त जुने नवे सेल एकत्र घालू नका, कमजोर सेल आधी संपतो आणि बाकीचे त्याच्यातून करंट ढकलतच राहतात, त्याचे प्लस-मायनस उलटे होतात, मग तो कायमचा गेला.

आता खरा राग. ऑनलाइन 18650 नावाचे लिथियम सेल मिळतात, टॉर्चमध्ये घालायचे, त्याच्यावर बिनधास्त 9900 एमएएच छापलेलं असतं. मी घेतलेल्यांचं पण तेच, टॉर्च चालली साध्या सेलएवढीच. या मापाच्या सेलमध्ये आज जगात कुठलाही चांगला कारखाना साडेतीन-चार हजाराच्या वर जाऊ शकत नाही, त्यामुळे पाच हजाराच्या पुढचा आकडा दिसला की तिथूनच परत फिरायचं. वजन करून बघा, चांगला सेल साधारण 45 ग्रॅमच्या आसपास भरतो, नकली पुष्कळदा बराच हलका. सोनाराचा काटा असेल तर उत्तमच. भारतात विकायच्या लिथियम सेलला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी सक्तीची आहे, आर ने सुरू होणारा नंबर असतो, तो नसेल तर कितीही स्वस्त असू दे. पॉवर बँकचा घोळ वेगळा, तिथे 10000 एमएएच हे आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचं माप असतं, मोबाईलला 5 व्होल्टने देताना हातात सहा-साडेसहा हजारच येतात, बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' म्हणून लिहिलेलं असतं, पण चष्मा लागतो.

दुसरी गोष्ट फीडरची. टायमरवर दाणे फेकणारे हे डबे मुळात अमेरिकेत हरणांसाठी, म्हणजे खरं तर शिकारीसाठी निघालेत. आपल्याकडे शिकारीला बंदी, आणि येऊरच्या जंगलात असलं काही लावायचा विचार पण करू नका, नॅशनल पार्क आहे ते, माकडांना खायची सवय लावून आपण आधीच पुरेशी वाट लावलीय. (खाडीत सीगलना गाठ्या टाकणाऱ्यांना पण हेच सांगायचं होतं, असो.) पण फार्महाउसवरच्या तळ्यातल्या माशांना आणि सोसायटीतल्या मांजरांना हे डबे लावलेले दिसतात. त्यात 6 व्होल्ट साडेचार एएचची बंद लेड बॅटरी असते, भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यात असते तसलीच. सगळ्यांची तक्रार एकच, पावसाळा संपला की बॅटरी मेलेली. मोटर दिवसातून काही सेकंदच फिरते, ती काही बॅटरी खात नाही. पण जूनपासून ती चार्ज करणाऱ्या सोलर पॅनलवर ऊन नाही, वर आंब्याची सावली, बॅटरी हळूहळू उतरते आणि तशीच उतरलेली पडून राहते, मग प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि नंतर कितीही चार्ज करा. त्यातून एप्रिल-मेची पत्र्याच्या डब्यातली गरमी, तापमान दर आठ-दहा डिग्री वाढलं की लेड बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. माझं मत विचाराल तर पावसाळ्यात पॅनल विसरा, दोन बॅटऱ्या घ्या, एक डब्यात एक घरी चार्जरवर, महिन्याने अदलाबदल. मल्टिमीटरने बघायचं, काढून थोडा वेळ ठेवल्यावर 6.4 च्या आसपास म्हणजे फुल, 6 च्या खाली म्हणजे उशीर झाला. खर्च करायचा असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या, 6.4 व्होल्टची मिळते, वजनाला हलकी आणि लेडच्या कितीतरी पट जास्त वेळा चार्ज होते, पण चार्जर त्याच जातीचा लागतो, जुना चालणार नाही.

आणि मेलेल्या बॅटऱ्यांचं काय? 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे त्या बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांनी परत घ्यायला हव्यात, आणि आपण त्या घरच्या कचऱ्यात मिसळायच्या नाहीत. लेड बॅटरी भंगारवाला आनंदाने घेतो कारण शिशाला भाव आहे, पण पेन्सिल सेल आणि लिथियम कोणीच घेत नाही. आमच्या घंटागाडीवाल्याला विचारलं तर म्हणाला सुक्यात टाका, म्हणजे पुढे कॉम्पॅक्टरमध्ये दाबला जाणार आणि लिथियम सेल चेपला की पेट घेतो हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलेलंच नाही. तर ठाणे, नवी मुंबई आणि पनवेलकडे, विभाग कार्यालयात, येऊरच्या गेटवर, कर्नाळ्याच्या तिकीट खिडकीपाशी एक एक पेटी ठेवायला काय हरकत आहे, तुम्ही बातमी केलीत तर कदाचित कोणी मनावर घेईल. पेटी प्लास्टिकची ठेवा, पाऊस लागणार नाही अशा जागी, आणि शेजारी चिकटपट्टीचं रीळ दोरीने बांधून ठेवा, लिथियम सेलच्या दोन्ही टोकांना पट्टी लावल्याशिवाय आत टाकू देऊ नका, नाहीतर टोकं एकमेकांना लागून पेटीच पेटायची.

आपला,
एक वाचक, खारघर