११ तास ४० मिनिटं

प्रिय ताई,

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. ‘चमचे कुठे ठेवलेस?’ असं काहीतरी विचारता आणि उठून जाता. म्हणून हे लिहून पाठवतेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं.

माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला तेव्हा आपलं वाचक मंडळ सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. डावा डोळा लहानपणापासूनच आळशी, त्याच्या भरवशावर वाचन होत नाही. ऑपरेशन करून पडदा जागेवर बसवला आणि तो तिथेच चिकटून राहावा म्हणून डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला. बुडबुडा नेहमी वर जातो. त्यानं मागच्या पडद्याला दाबून धरायचं तर माणसानं तोंड खाली करून राहायला हवं. सात दिवस मी पालथी झोपले आणि जेवलेही मान खाली घालूनच. वेदना फारशी नव्हती, पण दिवस संपता संपत नसे.

तिसऱ्या दिवशी मी दुसऱ्या कोणाकडून तरी तुम्हाला निरोप पाठवला: या महिन्यात माझं नाव काढून टाका, पुस्तक वाचणं शक्य नाही. अशा निरोपाला लोक काय उत्तर देतात ते मला आता चांगलं माहीत आहे. काळजी घे, बरी झालीस की ये. वाईट काहीच नाही त्यात. पण तुम्ही उलटा प्रश्न विचारलात, ‘फोन उशीजवळ ठेवता येतो का?’

त्या रात्री पहिलं रेकॉर्डिंग आलं.

३१२ पानांची कादंबरी, २४ प्रकरणं. प्रत्येक प्रकरणाचं वेगळं रेकॉर्डिंग. नंतर मी सगळ्यांची बेरीज केली, ती भरली ११ तास ४० मिनिटं. मनातल्या मनात तुम्ही ते पुस्तक याच्या निम्म्या वेळात संपवलं असतं, शिवाय तुमचं ते वाचून झालेलंही होतं. मोठ्यानं वाचणं हे कष्टाचं काम आहे, घसा सुकतो, दम लागतो. प्रकरणाच्या मध्येच तुम्ही घोटभर पाणी प्यायचात ते मला ऐकू यायचं. एकदा दारावरची बेल वाजली, तुम्ही जाऊन आलात आणि सोडलेलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतलंत.

हवानातल्या सिगारच्या कारखान्यात १८६५ पासून कामगारांना वाचून दाखवायची पद्धत सुरू झाली, असं आपल्याच मंडळात कोणीतरी सांगितलं होतं. हात तंबाखूची पानं वळण्यात गुंतलेले, म्हणून एक जण समोर बसून वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या वाचायचा, आणि कामगार आपल्या मजुरीतून त्याला पैसे द्यायचे. तेव्हा मी ते नुसतं ऐकून सोडून दिलं होतं. पालथं पडल्यावर त्या कामगारांची आठवण फार वेळा आली. डोळे मोकळे नसले तरी माणसाला गोष्ट हवीच असते आणि त्यासाठी तो पदरचे पैसे मोजतो, हे मला तेव्हा आतून कळलं.

पण ताई, माझ्या मनात सगळ्यात खोल बसलेली गोष्ट वेगळीच आहे. प्रत्येक पान उलटताना तुम्ही हलक्या आवाजात आकडा सांगायचात. ‘सत्त्याऐंशी.’ ‘अठ्ठ्याऐंशी.’ सुरुवातीला मला कळेना, हे कशासाठी. चार प्रकरणं झाल्यावर लक्षात आलं. चर्चेत सगळे बोलतात ते पानाच्या आकड्यानं. ‘पान १४० वर ती असं म्हणते,’ हे मलाही म्हणता यावं म्हणून तुम्ही ते आकडे वाचत होतात. मला गोष्ट ऐकवण्यावर तुम्ही थांबला नाहीत. चर्चेतली माझी जागा राखून ठेवलीत.

भेटीच्या दिवशी मी आले तेव्हा बुडबुडा अजून डोळ्यात होता. पेल्यातलं पाणी हिंदकळावं तशी एक रेघ नजरेसमोर हलत होती आणि तिच्या पलीकडे सगळं धूसर. पॉटलक जेवणाचं टेबल म्हणजे दहा घरांतली दहा भांडी, कशात काय आहे ते दिसल्याशिवाय वाढून घेता येत नाही. तुम्ही माझं ताट वाढलंत आणि माझ्या हातात देऊन म्हणालात, ‘बारा वाजता भात, तीन वाजता भाजी, सहाला कोशिंबीर, नऊला गोड.’ घड्याळाचे काटे डोळ्यांपुढे आणून मी जेवले. कोणाला विचारावं लागलं नाही, काही सांडलं नाही.

भांड्यांजवळ ठेवतो त्या चिठ्ठ्याही तुम्ही त्या दिवशी मोठ्यानं वाचून दाखवल्यात: यात शेंगदाणे आहेत, यात दूध आहे, हे तिखट आहे. आता आपल्याकडे तसंच चालतं. ज्यानं पदार्थ आणला तोच उभा राहून त्यात काय घातलंय ते सांगतो. गंमत म्हणजे त्यामुळे गप्पाही तिथूनच सुरू होतात, आणि नवीन आलेल्या माणसाचा संकोच जातो. दोन तासांच्या आत उरलेलं अन्न फ्रिजमध्ये गेलंच पाहिजे हा तुमचा नियम मात्र पहिल्यापासूनचा. तो कोणी मोडत नाही.

पॉटलक या शब्दाचा जुना अर्थ तुम्हीच एकदा सांगितला होता. अवचित आलेल्या पाहुण्याच्या नशिबी त्या दिवशी भांड्यात जे असेल ते. इंग्रजीत हा शब्द १५९२ सालच्या लिखाणातही सापडतो. त्या संध्याकाळी मला तो फार जवळचा वाटला. मी काहीच करून आणलं नव्हतं, तरी वाढलेलं ताट माझ्या हातात होतं.

मग चर्चा. सतरावं प्रकरण कंटाळवाणं आहे असं बहुतेकांचं मत पडलं. आई जुनं कपाट आवरते, एवढंच त्यात घडतं. मी म्हटलं, मला तसं वाटलं नाही, पान २१९ वर ती कपड्यांची घडी उलगडून पुन्हा तशीच घालते, तिथे मला थांबावंसं वाटलं. कोणीतरी विचारलं, का? मला नीट सांगता येईना. कारण खरं कारण पुस्तकात नव्हतंच. त्या जागी तुमचा आवाज थांबला होता. रेकॉर्डिंग चालू, आणि जवळजवळ एक मिनिट काहीच नाही. मग ‘थांब हं जरा,’ असं तुम्ही म्हणालात, आणि पुढे वाचायला लागलात.

मी हे सगळ्यांसमोर बोलले नाही. तुम्हीच बोललात. ‘मीही तिथे थांबले होते,’ एवढंच. मग दोघीतिघींनी पुस्तक उघडून ते पान पुन्हा वाचलं आणि पुढचा अर्धा तास आपण त्या कपाटावरच बोललो. स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं असतं तर मीही ते प्रकरण भराभर उलटलं असतं, हे मला मान्य करायला हवं. तुमच्या आवाजातून आलं म्हणून ते मला सापडलं.

दुसऱ्या महिन्याचं पुस्तक सहा जणांनी वाटून घेतलं आणि रेकॉर्ड करून पाठवलं. त्या सगळ्यांचेही आभार. एकाच कादंबरीचे सहा आवाज ऐकायची मला सवय लागली, आणि प्रत्येकानं न सांगता पानांचे आकडे वाचले. ते कोणाचं पाहून, हे सांगायला नको.

बुडबुडा विरायला दोन महिने लागले. आता मी मोठ्या अक्षरात वाचू शकते, दिवसाला वीस-पंचवीस पानं. डॉक्टर म्हणतात, एवढी नजर टिकली हे चांगलं झालं. पुढच्या महिन्यात पुस्तक निवडायची पाळी माझी आहे. या वेळी एखादं प्रकरण मी वाचून पाठवीन, कोणाला गरज असो वा नसो. जमेल तसं, हळू.

फोनमधली जागा भरली म्हणून परवा जुनं बरंच काही पुसलं. तुमची तेवीस प्रकरणंही दुसरीकडे हलवली. सतरावं मात्र फोनमध्येच ठेवलंय.

तुमची,
मंडळातली एक वाचक