‘आम्ही काय करावे?’ : गोव्याहून बाबांना पत्र

पर्वरी, गोवा
आगमनकाळाचा पहिला रविवार

तीर्थरूप बाबा व सौ. आई यांस,

सप्रेम सलाम.

बाबा, तुमचे पत्र पोहोचले. आईच्या गुडघ्याला आता आराम आहे आणि कांद्याची लागण वेळेत उरकली, हे वाचून समाधान वाटले. आजी अजूनही मला ‘परदेशी गेलेला’ म्हणते असे तुम्ही लिहिले आहे. तिला हसू नका, कारण तिच्या लहानपणी हा मुलूख खरोखरच परक्या राज्याचा होता आणि १९६१ च्या डिसेंबरपर्यंत तो तसाच राहिला. पत्राच्या शेवटी तुम्ही विचारले आहे की, जिथे वळणावळणावर क्रूस आहे आणि दिवसातून तीनदा चर्चची घंटा ऐकू येते, तिथे विश्वासात राहणे सोपे जात असेल ना? या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला. एका वाक्यात उत्तर देणे मला जमणार नाही, म्हणून आज रविवारची दुपार या पत्रासाठी राखून ठेवली आहे.

आपल्याकडे आपण मूठभर आहोत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक शंभरात एकही पुरते भरत नाहीत, तर गोव्यात ते सुमारे पाव हिश्शाने आहेत. गावी आपले आडनाव सांगितले की ऐकणारा लगेच सावध होऊन आपल्याकडे पाहू लागतो आणि मग आपला प्रत्येक शब्द, प्रत्येक व्यवहार सगळ्या मंडळीच्या नावावर जमा होतो. तुम्ही शाळेत असताना वर्गणीचा पैसा न् पैसा लिहून ठेवत असा, त्यामागे ही जाणीव होती हे मला आता कळते. इथे तसे कोणी पाहत नाही. चिऱ्याच्या चौथऱ्यावरचे पांढरे क्रूस, त्यांवरचे झेंडूचे हार, संध्याकाळी क्रुसासमोर शेजारपाजारच्या बायकांनी म्हटलेली लदीन ही प्रार्थना, वाड्यावर घरोघर मुक्काम करणारी सायबीण म्हणजे मारियामातेची मूर्ती, हे सारे लोकांच्या रोजच्या जगण्यात इतके मिसळून गेले आहे की, मी ख्रिस्ती आहे असे सांगितल्याने कोणाच्या मनात माझ्याविषयी काही अपेक्षा जागी होत नाही. या आठवड्यात जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताची गर्दी उसळली आहे. ३ डिसेंबरच्या आधीचे नऊ दिवस तिथे पहाटेपासून प्रार्थना चालतात, दूरदूरचे लोक पायी येतात, आणि त्यांची ती निष्ठा पाहून माझे मन भरून येते. पण क्रूस सगळीकडे दिसतो तिथे क्रुसाची ओळख पटवून देण्याचे काम माणसाच्या वागण्यालाच करावे लागते, असे मला इथे राहून ठामपणे वाटू लागले आहे.

नाताळाआधीच्या या आगमनकाळात आपल्याकडे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा पाठ वाचला जातो. लूकच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय मी या महिन्यात पुन्हा पुन्हा वाचला. योहानाने लोकांना इतक्या कडक शब्दांत इशारा दिला की ते घाबरून विचारू लागले, ‘मग आम्ही काय करावे?’ आता तो उपास सांगेल, होम सांगेल, रानात येऊन राहा म्हणेल, असे आपल्याला वाटते. त्याने यांपैकी काहीच सांगितले नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने ज्याच्याकडे एकही नाही त्याला एक द्यावा, एवढेच तो लोकांना म्हणाला. जकातदारांना त्याने नेमून दिलेल्यापेक्षा अधिक वसूल करू नका असे सांगितले, आणि शिपायांना जुलूम करू नका, खोटे आळ घेऊ नका, आपल्या पगारात समाधानी राहा असे बजावले. बाबा, त्याने जकातदाराला नाक्यावरून उठायला सांगितले नाही, शिपायाला तलवार टाकायला लावले नाही. जो जिथे होता तिथेच, त्याच्या हातातल्या कामात, त्याच्यासमोर रोज येणाऱ्या माणसाशी कसे वागायचे एवढेच त्याने सांगितले. माझ्या मते विश्वासाची खरी परीक्षा याहून दूर कुठे घेतली जात नाही.

माझ्यासमोर रोज येणारी माणसे म्हणजे बांधकामावरचे मजूर. कोणी झारखंडचा, कोणी ओडिशाचा, बरेचसे उत्तर कर्नाटकातले. हजेरी, ओव्हरटाइम, उचल आणि दर शनिवारची खर्ची यांची वही माझ्या ताब्यात असते, आणि या वहीत माणसाला किती सहज लुबाडता येते हे बाहेरच्याला कळणार नाही. दुपारी पाऊस आला म्हणून काम थांबले तर पाऊण दिवस लिहायचा की अर्धा, जेवणाच्या सुट्टीत सिमेंटची गाडी खाली केली ती वेळ धरायची की नाही, मुकादमाने मजुराच्या नावावर घेतलेली उचल खरोखर मजुरापर्यंत पोहोचली की वाटेतच राहिली, हे सगळे लेखणीच्या एका फटकाऱ्यावर ठरते. ज्याला वाचता येत नाही तो अंगठा उठवून निघून जातो. ऊसतोडीच्या टोळ्यांची उचल कशी वर्षानुवर्षे फिटत नाही, हे आपल्या तालुक्यात जन्मलेल्याला कोणी शिकवावे लागत नाही. म्हणून शनिवारी संध्याकाळी मी प्रत्येकाला नावाने बोलावतो, त्याच्या सहा दिवसांची हजेरी त्याला मोठ्याने वाचून दाखवतो, उचल किती वजा झाली आणि किती राहिली ते सांगतो, त्याची काही हरकत असेल तर ती मुकादमासमक्षच ऐकून घेतो आणि मगच त्याचा अंगठा घेतो. यात तास-दीड तास अधिक जातो आणि मुकादमांना सुरुवातीला ही पद्धत अजिबात रुचली नव्हती. तरी मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवू नये अशी आज्ञा लेवीय पुस्तकात आहे, आणि बायबलातल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात तिचे कारणही दिले आहे : तो गरीब आहे आणि त्याचे मन त्या मजुरीकडे लागलेले असते. मोशेच्या नियमशास्त्रात इतक्या बारकाईने मजुराच्या मनाचा विचार केलेला आहे, तो आपण प्रवचनातून फारसा ऐकत नाही याचे मला आश्चर्य वाटते.

त्यांना हाक कशी मारायची, हीदेखील लहान गोष्ट नाही. घाटापलीकडून आलेल्या कष्टकऱ्याला इथे पुष्कळ जण ‘घाटी’ म्हणून हिणवतात. मलाही बाजारात कोणी तसे म्हणून गेले आहे. निंदेला निंदेने उत्तर देऊ नका, उलट आशीर्वाद द्या, असे पेत्राने लिहून ठेवले आहे, आणि ते पाळणे अवघड असले तरी एक गोष्ट आपल्या हातात असते : जो अपमान आपल्याला लागला तो आपल्या खालच्या माणसापर्यंत पोहोचू द्यायचा नाही. साइटवर मी सगळ्यांना नावाने किंवा ‘भाऊ’ म्हणून हाक मारतो. आता दोन-तीन मुकादमही तसेच बोलावू लागले आहेत, आणि याचा आनंद मला पगारवाढीहून अधिक आहे.

पावसाळ्यात एका तरुण मजुराला कडाक्याचा ताप आला. इथे बांधकामावरच्या कामगारांना मलेरियाची रक्ततपासणी करून आरोग्यकार्ड घ्यावे लागते, त्यामुळे तापाचे नाव निघाले की सगळे धास्तावतात. त्याच्या खोलीतली मुले दुसरीकडे झोपू लागली. त्यांना दोष देता येत नाही, कारण एक दिवसाचे काम बुडाले तर घरी पाठवायच्या पैशांत तेवढी तूट येते. मी त्याला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेले, रात्री त्याच्याजवळ बसलो, आणि त्याच्या आईशी फोनवर बोलताना तिची भाषा मला निम्मीच कळली तरी ती रडायची थांबेपर्यंत बोलत राहिलो. तो बरा होऊन कामावर आला. नंतर त्याने मला विचारले की तुम्ही माझे कोण लागता. मी त्याला खरे तेच सांगितले, की ज्या येशूवर माझा विश्वास आहे त्याने आजाऱ्याची विचारपूस ही स्वतःची विचारपूस मानली आहे. तो आपल्या सरना या आदिवासी धर्माचा आहे आणि तसाच आहे. माझ्या सांगण्यात त्याला बदलण्याचा हेतू नव्हता आणि त्यालाही तसे वाटले नाही.

याच सुमारास मी सांकवाळला जाऊन आलो. संत जुझे वाझ यांचे वडील त्या गावचे, आणि स्वतः जुझे वाझ यांचा जन्म १६५१ मध्ये आईच्या गावी, बाणावलीला झाला. श्रीलंकेत डच सत्तेने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती, तेव्हा ते १६८७ मध्ये गरीब मजुराच्या वेशात तिकडे गेले. कँडीच्या राजाने त्यांना पोर्तुगिजांचा हेर समजून कैदेत ठेवले. पुढे १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली, लोक आपल्या आजारी माणसांना टाकून पळाले, आणि तेव्हा त्या टाकलेल्यांना निवारा, अन्न आणि पाणी देण्याचे काम या माणसाने, कोण कोणत्या धर्माचा हे न पाहता, स्वतःच्या हातांनी केले. राजाने त्यानंतर त्यांना मोकळेपणाने काम करू दिले. ते १७११ मध्ये तिथेच वारले आणि २०१५ मध्ये कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. आपण प्रॉटेस्टंट लोक संतांची भक्ती करत नाही, हे मी विसरलेलो नाही. पण या माणसाचे चरित्र आपल्या रविवारच्या शाळेतल्या मुलांना सांगण्यासारखे आहे, असे मला मनापासून वाटते, आणि पाळकसाहेबांना तुम्ही तसे सुचवावे.

त्याच वेळी हेही लिहिले पाहिजे की, याच भूमीत ख्रिस्ताच्या नावाने जबरदस्तीही झाली. १५६० मध्ये इथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्माची चौकशी करून शिक्षा देणारे न्यायालय, आले आणि मधला थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत टिकले. घरे सोडून, देव पाठीशी बांधून नदीपलीकडे गेलेल्या कुटुंबांच्या आठवणी इथे अजून सांगितल्या जातात. अशा ठिकाणी तोंडाने साक्ष देण्याआधी शंभरदा विचार करावा आणि हातांनी द्यायला क्षणभरही थांबू नये, असे माझे मत झाले आहे. आपल्या आशेविषयी कोणी विचारले तर सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्या, असे पेत्र सांगतो. त्यात कोणीतरी आधी विचारले पाहिजे, ही अट आहेच. सामान्य माणसांनी मात्र इथे फार पूर्वीच एकमेकांशी जुळवून घेतले आहे. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात आणि ईस्टरनंतरच्या तिच्या फेस्ताला हिंदू भाविक तेल घेऊन येतात. आमच्या घरमालकीण बाई कॅथलिक आहेत. गणेशचवथीला शेजारच्या घरून त्यांच्याकडे नेवऱ्या येतात आणि नाताळात त्या दोदोल आणि बिबिंक यांचे ताट तिकडे पाठवतात. ते ताट पोहोचवायला गेल्या वर्षी त्यांनी मलाच सांगितले होते.

कामातली एक गोष्ट तुम्हाला आवडेल. नाताळ जवळ आला की माल पुरवणारे लोक काजूच्या पेट्या आणि पाकिटे घेऊन येतात. पेटी परत केली तर माणूस दुखावतो आणि ठेवून घेतली तर पुढच्या महिन्यात सळईचे वजन तपासताना हात अडखळतो. मी पाकीट तिथल्या तिथे परत करतो, पेटी सगळ्यांसमोर उघडून मजुरांत वाटतो, आणि देणाऱ्याचे नाव घेऊन त्याचे आभार मानतो. सळई मात्र नेहमीप्रमाणे काट्यावर चढते. रविवारी दुपारी ज्यांना हवे त्यांचे कामगार कल्याण मंडळाचे अर्जही भरून देतो. कायद्याप्रमाणे १८ ते ६० वयाच्या आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर राबलेल्या मजुराला नोंदणी करता येते, पण ते ९० दिवस सिद्ध करणारा कागद कोणीतरी लिहून द्यावा लागतो.

बाबा, आता जे लिहितो ते लिहावे की नाही याचा मी प्रार्थनापूर्वक विचार केला आहे. तुम्ही रागावणार नाही असा विश्वास आहे. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून तुमचे आणि काकांचे बोलणे थांबले त्याला आता कितीतरी वर्षे झाली. दोघेही त्याच मंदिरात बसता, त्याच पाळकांच्या हातून प्रभुभोजन घेता आणि उपासना संपल्यावर दोन वेगळ्या दारांनी बाहेर पडता. वेदीपाशी अर्पण आणले असता भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट कर, असे प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले. चूक कोणाची हे त्याने विचारलेले नाही. पाळीत खोट काकांचीच होती, हे मलाही माहीत आहे. तरीही आधी पाऊल तुम्ही टाकावे, असे मला वाटते, कारण मला व्यवहार तुम्हीच शिकवलात आणि परक्या मजुरांशी जो वागतो तो मी तुमच्याकडून घेतलेलाच वागतो. ज्या घराने मला हे दिले त्या घरात सख्ख्या भावाशी अबोला असावा, हे मला इतक्या दूरही सलते.

मला २२ डिसेंबरपासून सुट्टी मिळाली आहे. मी रात्रीच्या गाडीने निघून २३ तारखेला दुपारपर्यंत घरी पोहोचेन. तुमची परवानगी असेल तर त्याच संध्याकाळी आपण दोघे काकांकडे जाऊ. पाण्याचा विषय मी काढणार नाही आणि तुम्हीही काढू नये. हंगामातली पाळी कशी लावायची याचा कच्चा कागद मी करून आणतो, तो नाताळ झाल्यावर पाळकसाहेबांसमोर बसून दोघांनी पाहावा. काकूंना आवडतात म्हणून काजू आणि कोकम घेतले आहेत. ते मी स्वतःच्या पैशांनी आणले आहेत, हे आईला सांगा. जाण्याविषयी तुमचे जे ठरेल ते फोनवर न सांगता दोन ओळी लिहून कळवा, म्हणजे मला सुट्टीचा अर्ज त्याप्रमाणे एक-दोन दिवस वाढवून देता येईल.

आजीला आणि धाकट्यांना सलाम सांगा.

तुमचा आज्ञाधारक मुलगा