गिटारचा ब्रिज बदलण्याआधी माप घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि पावसाळ्यात गंजलेले इलेक्ट्रिक गिटारचे ब्रिज (बॉडीवरचा, तारा अडकवायचा धातूचा भाग) बदलायची घाई होते. फोटो पाहून मागवलेला ब्रिज बसेलच असे नाही. सहा स्क्रूंच्या ब्रिजमध्ये पहिल्या ते सहाव्या स्क्रूचे अंतर कुठे ५२.५, तर कुठे ५६ मिलिमीटर असते. ब्रिजखालचा ब्लॉक, म्हणजे बॉडीच्या आत जाणारा धातूचा ठोकळा, तोही मोजा; पातळ बॉडीत लांब ब्लॉक मागून बाहेर येतो.

स्क्रूच्या जुन्या भोकांत माचिसच्या काड्या कोंबू नका, तारांच्या ताणाने स्क्रू पुन्हा उपटतो. सागवानाची खुंटी फेव्हिकॉल लावून ठोका, २४ तास वाळू द्या, मगच नवे भोक पाडा. ते स्क्रूच्या आट्यांपेक्षा बारीक हवे.

सूर नीट लागायला ब्रिजची जागाही मोजा. २५.५ इंची स्केलवर (तारेची वाजणारी लांबी) नट (मानेच्या टोकाची, तारा टेकणारी पट्टी) ते बारावा फ्रेट (मानेवरची आडवी धातूची पट्टी) ३२४ मिलिमीटर. तिथून बारीक तारेचे सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकणारा तुकडा) तेवढ्याच अंतरावर, किंचित मागे, म्हणजे नटपासून दूर; जाड तारेचे आणखी दोन-तीन मिलिमीटर मागे. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता, नुसते बोट टेकवून काढलेला सूर) चढा लागला, तर सॅडल मागे घ्या.

ब्रिजला जोडलेली ग्राउंड (अर्थिंगची) वायर तुटली की अ‍ॅम्पमधून घरघर येते, म्हणून ती पुन्हा जोडावीच लागते. पण याच वायरमुळे तारा अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडल्या जातात. मंडपात अर्थिंग नसेल आणि गिटार वाजवताना ओठ माइकला लागले, तर जीवघेणा शॉक बसू शकतो. आयोजकांनी आणि साउंडवाल्यांनी कार्यक्रमाआधी तीन पिनांचे अर्थिंग तपासावे, ही कळकळीची विनंती.

आपले,
गिटार दुरुस्ती कारागीर,
वडसा, जि. गडचिरोली