सॉल्ट सेम आहे, आजी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला मिठावरचा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं माझंच काहीतरी सुटलंय, अर्धं पान मिठावर आणि त्यात मराठी मीठ कुठेच कसं नाही. रोमन सैनिक आहेत, ते असतातच, मिठावर कुणी लिहायला बसलं की हे आधी पगाराच्या रांगेत उभे. सॅलरी हा शब्द मिठावरून आला हे खरंच आहे, पण सैनिकांच्या पदरात महिन्याला मिठाची पुडी टाकायचे याला काही धड पुरावा नाही, तेवढं तरी बघायचं. मग सॅलड, सॉस, सगळी मिठाची पाहुणेमंडळी येऊन गेली. आणि शेवटी लेखकमहाशय म्हणतात, मराठीत मात्र या शब्दाचा फारसा विस्तार झाला नाही, आपल्याकडे मीठ म्हणजे मीठ.

मीठ म्हणजे मीठ? या एकदा आमच्या घरी.

आमच्या सासूबाई एक्क्याऐंशीच्या आहेत. बीपी जुनं. डॉक्टरांनी फाइलवर लिहून दिलंय, मीठ कमी. आई ते अगदी काटेकोर पाळतात, म्हणजे ताटात डावीकडे जे मीठ वाढतात ते त्यांनी बारा वर्षांपूर्वी सोडलं. पण लोणचं खातात, पापड खातात, सुकटीची चटणी खातात. मी एकदा म्हटलं, अहो आई, लोणच्यात किती मीठ असतं. तर म्हणाल्या, लोणच्यात कुठे मीठ, लोणच्यात लोणचं असतं. आता यावर काय बोलणार. एकादशीला खिचडीत सैंधव घालतात, त्याचाही हिशोब धरत नाहीत, कारण उपासाला मीठ चालत नाही आणि सैंधव चालतं, म्हणजे सैंधव हे मीठ नाही. तुम्ही काढा यातली चूक, मला तर सापडत नाही. सैंधव म्हणजे सुद्धा बहुतेक सगळं सोडियम क्लोराइडच हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मी देवाला बोलले. (आणि तुम्ही लेखावर तोच गुलाबी खड्यांचा फोटो छापलाय आणि खाली 'हिमालयन सॉल्ट'. सिंधूकडून येतं म्हणून सैंधव, चांगला शब्द घरात पडलेला असताना हे कशाला?)

तर गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमधे आई स्वतः गेल्या गोळ्या आणायला, मला बरं नव्हतं. त्यांची नेहमीच्या कंपनीची गोळी नव्हती. काउंटरवरच्या मुलाने दुसरी पट्टी पुढे केली आणि म्हणाला, ही घेऊन जा आजी, कंपनी वेगळी आहे, सॉल्ट सेम आहे. बास, एवढंच. आईंनी पट्टी घेतली, पैसे दिले, घरी आल्या, मला म्हणाल्या आणल्या गोळ्या. मी म्हटलं बरं.

नऊ दिवसांनी सकाळी ओट्याशी उभ्या असताना त्यांना गरगरलं आणि त्या खालीच बसल्या. बीपी एकशे नव्वदच्या वर. दवाखाना, इसीजी, रात्रभर निरीक्षणाखाली, सगळं झालं. डॉक्टर मला विचारतायत गोळी चालू होती ना, मी छातीठोकपणे सांगतेय हो चालू होती. घरी येऊन बघते तर शेंगदाण्याच्या डब्यामागे ती पट्टी, पंधराच्या पंधरा गोळ्या जागच्या जागी, एकही फोडलेली नाही. विचारलं तर म्हणाल्या, अगं त्यात मीठ आहे, तो मुलगाच म्हणाला की. मला मीठ बंद आहे ना?

नऊ दिवस माझ्याशी एका शब्दाने बोलल्या नाहीत, का तर मला बरं नव्हतं, उगीच कशाला डोक्याला ताप. मिठाची गुळणी धरून बसल्या होत्या असं म्हणते मी, आणि हा वाक्प्रचार तुमच्या लेखात नाही बरं का. तोंडात मिठाचं पाणी धरलं की बोलता येत नाही, म्हणून गप्प बसणं, केवढा नेमका. घसा दुखल्यावरच्या गुळण्या तेवढ्या आहेत लेखात.

मी चिडून त्या मेडिकलमधे गेले. मुलगा बिचारा घाबरला. म्हणाला काकू, सॉल्ट म्हणजे औषध, आतलं औषध, आम्ही सगळे तसंच म्हणतो. आता हे मला माहीत होतं, कारण आपण सगळेच ऐकतो, पण का म्हणतात ते त्याला सांगता येईना. मग आईंच्या नातीने सांगितलं, ती नववीत आहे. शाळेच्या पुस्तकात आहे म्हणे, आम्ल अधिक आम्लारी बरोबर क्षार अधिक पाणी, आणि सॉल्ट म्हणजे तो क्षार. पुष्कळ औषधं नुसती नीट विरघळत नाहीत किंवा टिकत नाहीत म्हणून त्यांचा असा क्षार करून गोळीत घालतात. आईंची गोळी अ‍ॅम्लोडिपिन बेसिलेट, म्हणजे बेंझीनसल्फॉनिक आम्लाबरोबर केलेला क्षार, त्यात खायच्या मिठाचा संबंध नाही. गंमत म्हणजे पॅरासिटामॉल हा असा क्षार नाहीच, तरी दुकानात त्यालाही सॉल्टच म्हणतात. म्हणजे रसायनशास्त्रातलं मीठ वेगळं आणि मेडिकलवाल्यांचं मीठ त्याहून वेगळं.

नातीने हे आजीला समजावलं, अगं आजी सॉल्ट म्हणजे मीठ नाही, क्षार. तर आई म्हणाल्या, क्षार? ते आपल्या बोअरच्या पाण्यात आहेत तसले? ज्याने गीझर खराब होतो? ते मी पोटात घेऊ? झालं. गोळी आणखी एक दिवस लांबली.

आणि इंदूरला माझी बहीण असते, तिच्या मुलांच्या हिंदी पुस्तकात अम्ल, क्षारक आणि लवण. म्हणजे तिकडे सॉल्ट म्हणजे लवण आणि क्षारक म्हणजे आपली आम्लारी. दोन बहिणींची मुलं एकत्र अभ्यासाला बसली की नुसती भांडणं. याच इंदूरला एकदा चहाच्या टपरीवाल्याने आईंना विचारलं, मीठा कम या ज्यादा? आई खूश, इथे सुद्धा बीपीची चौकशी करतात, म्हणाल्या एकदम बंद. बिनसाखरेचा चहा आला. हिंदीत मीठा म्हणजे गोड, आपल्याकडे मीठ म्हणजे खारट, शेजारी गुजरातीत तर मीठुं म्हणजे मीठ पण आणि गोड पण. मूळ शब्द एकच, मिष्ट, म्हणजे चवदार. ज्याने जेवणाला चव येते ते मीठ. आपणसुद्धा खाऱ्याच्या उलट अळणी म्हणतो का दरवेळी? पाणी खारं नाहीतर गोडं, मासे खाऱ्या पाण्यातले नाहीतर गोड्या. आणि गोडं वरण, ज्यात साखरेचा कण नसतो आणि मीठ मात्र लागतंच. एवढं सगळं हाताशी असताना माणूस रोमला जातो.

आईंना दोष देऊन काय करू, खरं सांगायचं तर त्यांची शंका अगदीच वेडगळ नव्हती. पाण्यात टाकून फसफसणाऱ्या ज्या गोळ्या असतात त्यांच्यात सोडियम चांगलंच असतं, बीपीवाल्यांनी डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. आणि पाकिटांवरच्या पोषणाच्या तक्त्यात तर मीठ हा शब्दच नसतो. बिस्किटाच्या पुड्यावर लिहितात सोडियम एवढे मिलिग्रॅम, त्याला अडीचने गुणायचं तेव्हा मीठ कळतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे चहाचा सपाट चमचा, सगळं धरून, लोणचं-पापड-बिस्कीट-पाव सगळं. हे गुणाकार कोण म्हातारी माणसं करणार? डॉक्टर म्हणतात मीठ, पुडा म्हणतो सोडियम, दुकानदार म्हणतो सॉल्ट, पुस्तक म्हणतं क्षार, आणि तुमचे लेखक म्हणतात विस्तार झाला नाही.

राहता राहिलं लोण, म्हणजे लवण, म्हणजे मीठच. तुम्ही स्वतः महिन्यातून चारदा पहिल्या पानावर छापता, आंदोलनाचे लोण जिल्हाभर पसरले. क्रीडा पानावर कबड्डीत लोण दिला की दोन गुण जास्त. आट्यापाट्या आम्ही खेळलोय, तिथेही लोण आणायचं असतं. लिंबलोण उतरताना लिंब आणि मीठच असतं हातात, बाळाची दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या. बुलढाण्याच्या खाऱ्या तळ्याचं नाव लोणार. लेखकाने आपलाच पेपर वाचला असता तरी अर्धा लेख झाला असता, माफ करा, पण राग येतो.

माझं आजोळ उरणच्या बाजूचं. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी, हे तिकडे लहान पोराला माहीत. भरतीचं पाणी बांधातून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात, उन्हाने आटवत आटवत न्यायचं, शेवटच्या वाफ्यात पाणी जरा तांबूस दिसायला लागतं आणि कडेने पांढरी साय धरते. ती साय मी बोटाने मोडायचे आणि मामा ओरडायचा. ते खडेमीठ चिनी मातीच्या बरणीत असायचं, पावसाळ्यात त्याला पाणी सुटायचं, आजी ते पाणी सुद्धा टाकू द्यायची नाही, म्हणायची पायाखाली आलं तर दोष लागतो. तिन्हीसांजेला कुणी मागायला आलं तर देत नसे. खाल्ल्या मिठाला जागणं वगैरे तुम्ही एका ओळीत उरकलंत, ठीक आहे, जागा कमी असेल. १९३० सालच्या दांडीचं नाव लेखात आहे, पण त्याच वर्षी आपल्या शिरोड्यालाही मिठाचा सत्याग्रह झाला, त्याला एक ओळ नव्हती का देता येत? मराठी पेपर आहे ना?

लेखाची भाषा छान होती, ते नाकारत नाही.

आई आता बऱ्या आहेत. गोळीच्या प्रत्येक पट्टीवर मी मार्करने 'मीठ नाही' असं लिहून ठेवते. परवा शेजारच्या वहिनींनी ते बघितलं आणि विचारलं, का हो, मीठ असलेली पण मिळते का?

मागच्या वेळी माझं पत्र जागेअभावी कापलंत आणि त्यातलं नेमकं मीठच काढून टाकलंत. या वेळी कापायचंच असेल तर रोमन सैनिक कापा, आईंची गोळी ठेवा.

आपली,
एक नियमित वाचक, पेण

ता.क. लिहितेच आहे तर हेही लिहिते. मे महिन्यात तुमच्या पाककृती सदरात कैरीचं लोणचं आलं होतं, त्यात मोहरीची डाळ किती, मेथी किती, हिंग किती, सगळं चमच्यांच्या हिशोबात आणि मग 'मीठ चवीनुसार'. लोणच्यात? अहो, लोणचं हा शब्दच मुळात लवणावरून आलाय. तिथे मीठ चवीला नसतं, टिकायला असतं, ते फोडीतलं पाणी ओढून घेतं म्हणून बुरशीला जगता येत नाही. आमच्याकडे किलोभर फोडींना पाव किलोला जरा कमी एवढं घालतात. आमच्या बिल्डिंगमधल्या नवीन लग्न झालेल्या मुलीने तुमच्या कृतीने केलं, तिच्या चवीनुसार म्हणजे दोन चमचे, आणि पंधरा दिवसांत बरणीत वर पांढरी लव आली. ती बरणी घेऊन माझ्याकडे आली आणि विचारते, काकू, हे मीठच वर आलंय का?