पिंजरा लावण्याआधी: वनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय वनमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात बिबट्याने माझी एक शेळी नेली, दुसरी जागीच मारली. दोन्ही गाभण होत्या. सकाळी पाहिलं तर कुडाला भगदाड, चिखलात गोल ठसे आणि उरलेल्या शेळ्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून उभ्या. दिवसभर त्यांनी पाल्याला तोंड लावलं नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण बिबट्याची बाजू घेणाऱ्याचं स्वतःचं काही गेलेलं नसतं, असं सर्रास बोललं जातं.

दुपारपर्यंत मागणी सुरू झाली: पिंजरा लावा, पकडा, लांब नेऊन सोडा. ती मान्य करू नका, एवढ्यासाठी हे पत्र.

हा प्रयोग जुन्नर भागात होऊन गेला आहे. २००१ नंतर तिथले बिबटे पकडून दुसरीकडे सोडायला सुरुवात झाली आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ वर गेले. बिबट्या हद्द धरून राहतो. अनोळखी मुलखात सोडला की तो परतीची वाट शोधत वस्त्यांमधून भटकतो. इकडे मोकळ्या झालेल्या हद्दीत दुसरा येतो, बहुधा तरुण, माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा न कळणारा.

आणि शिकारी प्राणी उरलेच नाहीत तर? अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९२६ पर्यंत लांडगे संपवले. मग एल्क हरणांचे कळप ओढ्याकाठी निवांत चरत राहिले आणि वाळुंजाची कोवळी रोपं वाढेचनात. १९९५-९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले, त्यानंतर बऱ्याच ठिकाणी ती झाडं पुन्हा उंच झाली. सगळं श्रेय लांडग्यांचं नाही. अस्वलं आणि प्यूमाही (तिथली मोठी रानमांजरं) वाढले होते, अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. पण शिकाऱ्यांविना काय होतं, ते तिथे सत्तर वर्षं दिसत होतं. पीक उकरणाऱ्या रानडुकरांना शिव्या देणाऱ्या आपण शेतकऱ्यांनी तरी, त्यांची पिल्लं खातं कोण, हे विसरू नये.

एखादा बिबट्या खरोखर माणसांच्या जिवावर उठला, तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मुख्य वन्यजीव रक्षकांना अधिकार दिलेले आहेत. तिथे दिरंगाई नको. पण शेळी मारली म्हणून पिंजरा नको. तोच पैसा बंदिस्त गोठ्यांना द्या: वरून जाळी, भक्कम दार, खालून उकरता येणार नाही असा पाया. मेलेली जनावरं उघड्यावर टाकणं थांबवा. आणि भरपाई वेळेत द्या, साहेब. माझा पंचनामा झाला, पैसे अजून नाहीत. भरपाई अडली की माणूस मेलेल्या जनावरावर विष टाकतो. त्या विषाने बिबट्याबरोबर तरस, कोल्हे, गिधाडंही मरतात.

मी उसनवारी करून गोठ्याला जाळी बसवली. परवा पहाटे दारापर्यंत ठसे आलेले होते आणि तिथूनच बांधाकडे वळले होते. शेळ्या मोजल्या. सगळ्या होत्या.

आपला,
एक शेळीपालक