बेरीज करून डिस्कची जागा कळत नाही

संपादक महोदय,

म्हापसा-मडगावच्या छोट्या कार्यालयांत हाताशी असलेल्या डिस्क जोडून बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइल-व्यवस्थेवर सर्व्हर उभारणाऱ्यांसाठी हे पत्र. ४, २ आणि १ टीबीच्या डिस्क प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती ठेवणाऱ्या रेड-१ मध्ये घातल्या, की बेरजेची निम्मी म्हणजे साडेतीन टीबी जागा मिळेल, हा हिशेब चुकतो. दुसरी प्रत वेगळ्याच डिस्कवर जाते. मोठीला जोडीदार ३ टीबीचेच, म्हणून जागाही तेवढीच. मोकळी जागा दाखवणाऱ्या ‘डीएफ’ आज्ञेचा आकडा निव्वळ अंदाज. ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टम युसेज’ या आज्ञेत डिस्कनिहाय ‘अनअलोकेटेड’, म्हणजे अजून कशालाही न वाटलेली जागा पाहा. ती किमान दोन डिस्कवर उरली नाही आणि मेटाडेटाला (फाइलींच्या नोंदींना) वाटलेली जागा भरली, की डेटाला जागा असूनही ‘नो स्पेस लेफ्ट’! मग फाइल पुसणेही अडू शकते, कारण त्यालाही मेटाडेटा लागतो. त्याआधीच डेटाची फेरमांडणी करणाऱ्या ‘बॅलन्स’ आज्ञेला ‘डीयुसेज=१०’ लावून डेटाला वाटलेले, पण जवळपास रिकामे तुकडे मोकळे करावेत.

– एक वाचक, म्हापसा