आई, बाबा, खोली घेतली आहे

ती. आई, बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेले की आई, तुझा आवाज भरून येतो आणि मी भलतंच बोलत सुटते, म्हणून लिहिते. वेर्ण्याला खोली घेतली. डिपॉझिट भरलं, रविवारी नेलं ते सामान त्यासाठीच होतं. रागावू नका. सकाळची शिफ्ट सहाची. साखळीहून पणजी, तिथून वेर्णे, एवढ्या पहाटे बसनं पोचणं होतच नाही. चार वेळा उशीर झाला, चारही वेळा ठेकेदारानं अर्धा दिवस कापला. भाडं आम्ही दोघी वाटून घेतो. बसचे पैसे आणि कापला जाणारा पगार धरला तर उलट थोडं उरतंच, खरंच सांगते. पाणी आहे, खिडकी आहे, दाराला आतून भक्कम कडी आहे. उकडे तांदूळ आणि तुझं लोणचं आणलंय, रोज पेज करते.

पण जीव अडकलाय तो दुसऱ्याच गोष्टीत. सामान बांधताना बाबांच्या प्रेशरच्या गोळ्यांची डबी हाती आली. एकूण एक गोळी ब्लेडनं मधोमध कापलेली. महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरवायच्या म्हणून ना, बाबा? तेव्हा काही बोलले नाही. न्हाणीत जाऊन रडले.

गोवा सरकारच्या दयानंद योजनेतून तुमचे 2,000 येतात, ते तुम्ही माझ्या लग्नासाठी ठेवता आणि वर ‘फुकटचे पैसे’ म्हणता. फुकटचे कसे? इतकी वर्षं टिपर चालवलात. 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, 2018 च्या मार्चात पुन्हा थांबल्या, त्यात तुमचा काय दोष? तेव्हा गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेच्या पैशांत आईनं घर ओढलं, माझ्या वह्या त्यातूनच आल्या. आईला त्याची कधी लाज वाटली नाही, मग तुम्हाला का वाटावी? तुम्ही कामावरून आलात की ओल्या फडक्यानं मी तुमच्या भुवयांवरची लाल धूळ पुसायची आणि तुम्ही डोळे मिटून गप्प बसायचात. आठवतं?

तर आता ऐका. गोळी अख्खी घ्यायची. रात्रीची वॉचमनची ड्युटी या महिन्याअखेर बंद. काम वाईट म्हणून नाही हो, जागरण तुम्हाला सोसत नाही. माझ्या पगारातून ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, 0.75 टक्के कापतात, त्यात अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही औषधपाणी मिळतं. तुम्हा दोघांची नावं घालायला दिली आहेत. आई, आधार कार्डांचे फोटो आजच पाठव. सुट्टीच्या दिवशी येऊन मीच दवाखान्यात नेते. हयातीचा दाखला वेळेत द्या, नाहीतर दयानंदचे पैसे थांबतात. रेशनचा तांदूळ बाबांच्या घशाखाली उतरत नाही, ठाऊक आहे. त्याचे तव्यावरचे पोळे कर, ते खातील.

महिन्याला 4,000 पाठवीन. कमी आहेत, पण चुकवणार नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी येते. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी मी आल्यावरच बांधायची. बाबा, स्टुलावर चढायचं नाही.

तुमची,
बाय